घरच्या सशाचा समतोल आहार

(घरगुती पशुपालनाविषयीच्या एका भाषणाचा मजकूर)



पाळीव प्राण्यांमध्ये सशाइतका गोजिरवाणा आणि सशाइतका दुर्दैवी प्राणी दुसरा क्वचितच आढळेल. मुलांच्या हट्टापायी जत्रेतून, आठवड्याच्या बाजारातून किंवा शहरातल्या दुकानातून पांढराशुभ्र ससा घरी येतो. घरातील प्रत्येक जण त्याचे लाड करू लागतो. कोणी गाजर पुढे करतो, कोणी बिस्किट भरवतो, कोणी पावाचा तुकडा दुधात बुडवून देतो. ससा ते आवडीने खातोही. चार-आठ दिवस असे आनंदात जातात. मग एके दिवशी ससा कोपऱ्यात अंग चोरून बसतो. त्याचे पोट तट्ट फुगते किंवा त्याला हगवण लागते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पिंजऱ्यात तो निपचित पडलेला आढळतो. मुले रडतात. वडीलधारी माणसे त्यांची समजूत घालतात की, "ससा फार नाजूक असतो, तो घरात टिकत नाही."

ही समजूत खरी नाही. नीट निगा राखलेला पाळीव ससा आठ ते दहा वर्षे सहज जगतो. त्याचे पूर्वज स्पेन व पोर्तुगालच्या कोरड्या, खडकाळ माळरानांवर वाळलेले गवत, झुडपांचे शेंडे आणि झाडांच्या साली खाऊन राहिले व वाढले. अशा प्राण्याला नाजूक म्हणता येणार नाही. घरातला ससा मरतो तो पुष्कळदा चुकीच्या खाण्याने, आणि ते खाणे त्याला प्रेमानेच दिलेले असते. म्हणूनच सशाच्या आहारामागील शास्त्र समजावून घेणे अगत्याचे आहे.

रानातला ससा आणि घरातला ससा

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. आपल्या शेतात, माळावर आणि डोंगरउतारावर दिसणारा करड्या-तपकिरी रंगाचा रानससा आणि घरात पाळला जाणारा ससा हे दोन वेगळे प्राणी होत. रानससा बीळ करीत नाही. तो गवताच्या आडोशाला उघड्यावरच राहतो. त्याची पिल्ले अंगावर केस घेऊन आणि उघड्या डोळ्यांनीच जन्माला येतात. पाळीव ससा मात्र युरोपातील बिळात राहणाऱ्या सशाचा वंशज असून त्याची पिल्ले जन्मतः उघडी व आंधळी असतात. सुमारे दहा दिवसांनी त्यांचे डोळे उघडतात.

हा भेद केवळ पुस्तकी नाही. ज्वारीच्या काढणीच्या किंवा उसाच्या तोडणीच्या वेळी शेतात रानसशाची पिल्ले एकटी सापडतात. आईने ती टाकून दिली असावीत अशा समजुतीने दयाळू माणसे त्यांना घरी आणतात आणि गाईचे दूध पाजतात. अशी पिल्ले बहुधा जगत नाहीत. वस्तुतः आईने त्यांना टाकलेले नसते. शत्रूचे लक्ष वेधू नये म्हणून ती दिवसभर दूर राहते आणि अंधार पडू लागला म्हणजे पाजावयास येते. ती पिल्ले जागच्या जागी, फार तर शेजारच्या बांधावरील गवतात ठेवणे हीच त्यांच्यावरील खरी दया होय. शिवाय वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये रानसशाला संरक्षण आहे. त्याला पकडणे किंवा मारणे हा गुन्हा आहे. तेव्हा या भाषणातील पुढील सारे विवेचन पाळीव सशापुरतेच समजावे.

सशाच्या पोटाची रचना

सशाने काय खावे हे त्याच्या पोटाच्या रचनेवरून ठरते. गाय, म्हैस व शेळी यांना चार कप्प्यांचे पोट असते. त्या आधी चारा गिळतात आणि मग निवांतपणे रवंथ करतात. सशाचे जठर एकच व साधे असते. तो रवंथ करीत नाही आणि त्याला ओकारीही करता येत नाही. एकदा पोटात गेलेला पदार्थ पुढेच सरकावा लागतो. म्हणूनच सशाच्या बाबतीत "खाल्ले तर खाल्ले, बाधले तर ओकून टाकील" हा भरवसा धरता येत नाही.

चारा पचविण्याचे खरे काम सशाच्या अंधनालात, म्हणजे लहान व मोठ्या आतड्याच्या संधीवरील आंधळ्या पिशवीत चालते. सशाच्या पचनसंस्थेतील हा सर्वांत मोठा भाग होय. तेथे असंख्य उपकारक जंतू वस्ती करून असतात. खाल्लेला चारा मोठ्या आतड्यात आला म्हणजे त्याची मोठ्या कौशल्याने निवड होते. जाडाभरडा चोथा लगेच पुढे ढकलला जातो व कडक, गोल लेंड्यांच्या रूपाने बाहेर पडतो. बारीक कण व द्रवभाग मात्र मागे वळवून अंधनालात नेले जातात. तेथे जंतू त्यांना आंबवितात आणि त्यांतून प्रथिने व ब-वर्गातील जीवनसत्त्वे तयार करतात.

ही तयार झालेली संपत्ती वाया जात नाही. विश्रांतीच्या वेळी, बहुधा रात्री किंवा पहाटे, ती मऊ, चकचकीत, द्राक्षांच्या घोसासारख्या लेंड्यांच्या रूपाने बाहेर येते आणि ससा ती थेट तोंडाने उचलून पुन्हा खातो. मोरो या फ्रेंच पशुवैद्याने १८८२ साली या क्रियेचे वर्णन केले. घरातील माणसांना हा प्रकार किळसवाणा वाटतो आणि काही जण सशाला त्याबद्दल मारतातही. परंतु गाईच्या रवंथाला जे स्थान आहे, तेच सशाच्या या सवयीला आहे. ती मोडण्याचा प्रयत्न करणे म्हणजे त्याच्या तोंडचा घास काढून घेणे होय.

या रचनेतून आहाराचा पहिला नियम निघतो. सशाच्या आतड्याची हालचाल चोथ्यावर अवलंबून असते. चोथा भरपूर असला म्हणजे आतडे चालते राहते आणि अंधनालातील उपकारक जंतू सुखाने नांदतात. चोथा कमी पडला आणि पाव, बिस्किट, भात, धान्य, मका अशा पिष्टमय व गोड पदार्थांचा भरणा झाला, म्हणजे आतडे मंदावते. न पचलेले पिष्ट अंधनालात जाऊन तेथे घातक जंतू माजतात, वायू धरतो आणि त्यांच्या विषाने ससा एक-दोन दिवसांत दगावतो. बिस्किट खाणारा ससा आठवड्याभरात का मेला, याचे उत्तर येथे मिळते.

वाढत राहणारे दात

सशाला एकूण २८ दात असतात आणि ते सारे जन्मभर वाढत राहतात. पुढचे पटाशीचे दात आठवड्याला सुमारे दोन मिलिमीटर वाढतात. वरच्या दोन मोठ्या दातांच्या मागे आणखी दोन लहान दात लपलेले असतात. उंदीर-घुशींच्या वर्गापासून सशाला शास्त्रज्ञांनी वेगळे काढले, त्यास कारण झालेल्या खुणांपैकी ही एक होय.

वाढणारे दात झिजले पाहिजेत. पटाशीचे दात कुरतडण्याने झिजतात. दाढा मात्र केवळ दीर्घकाळ चर्वण केल्यानेच झिजतात. गवताची काडी खाताना सशाचा जबडा आडवा फिरतो आणि गवतातील कठीण कणांनी दाढा घासल्या जातात. मऊ खाद्य दोन चाव्यांत संपते, तेव्हा दाढा झिजत नाहीत. मग त्यांना अणकुचीदार कडा फुटतात, त्या जिभेला व गालाला टोचू लागतात आणि ससा भुकेला असूनही खाणे सोडतो. अशा सशाच्या तोंडून लाळ गळते, हनुवटी ओली राहते. दाताचे दुखणे पुढे पोटाचे दुखणे होते. पिंजऱ्यात लाकडाचा ठोकळा ठेवला म्हणजे काम भागले असे पुष्कळांना वाटते. परंतु ठोकळ्याने पुढचे दात घासले गेले, तरी दाढांसाठी गवतावाचून दुसरा उपाय नाही.

गवत हाच आहाराचा पाया

तेव्हा पोट आणि दात या दोहोंची मागणी एकच आहे : गवत. प्रौढ सशाच्या रोजच्या आहारात पाच भागांपैकी चार भाग गवत असावे आणि ते त्याच्यापुढे अष्टौप्रहर असावे. रोज सशाच्या देहाएवढा ढीग संपला पाहिजे, असा ढोबळ हिशेब ध्यानात ठेवावा. ससा दिवसातून दोनदा जेवणारा प्राणी नाही. तो रात्रंदिवसात तीसेक वेळा थोडे थोडे खातो. गवताची वेळ ठरवून त्याला उपाशी ठेवणे धोक्याचे असते.

परदेशी पुस्तकांतून टिमोथी नावाच्या गवताची शिफारस आढळते आणि शहरातील दुकानांतून ते महागड्या पुड्यांत मिळते. ते चांगले आहे, पण त्यावाचून अडत नाही. आपल्याकडची हरळी, मारवेल, पवना, गिनी गवत ही सशाला उपयोगी पडणारी गवते आहेत. दसरा-दिवाळीच्या सुमारास गवत फुलोऱ्यावर येते, त्या वेळी कापलेले व हिरवटपणा राखून वाळविलेले गवत सर्वांत चांगले. पार पिवळे पडलेले, बी झडून गेलेले गवत चोथा पुरविते, पण पोषण फारसे देत नाही. भाताचा पेंढा अंथरण्यास उत्तम असून ससा तो अधूनमधून चघळतोही. तथापि केवळ पेंढ्यावर त्याला ठेवू नये.

लसूणघास, बरसीम आणि भुईमुगाचा पाला हा द्विदल वर्गातील चारा आहे. त्यांत प्रथिने व कॅल्शियम अधिक असते. वाढत्या वयाची पिल्ले, गाभण व दूध पाजणाऱ्या माद्या यांना तो हितकर ठरतो. प्रौढ सशाला मात्र रोज लसूणघास घालणे योग्य नव्हे. अन्नातील कॅल्शियम इतर प्राणी गरजेपुरतेच शोषून घेतात. ससा अन्नात असेल त्या प्रमाणात ते शोषतो आणि जास्तीचे लघवीवाटे टाकतो. त्यामुळे लघवी चुन्याच्या पाण्यासारखी गढूळ होते आणि मूत्राशयात रवाळ गाळ साठून खडे होण्याची भीती असते.

सुबाभळीचा पाला खेड्यापाड्यांतून सहज मिळतो आणि शेळ्यांना तो घातला जातो. त्यात मिमोसीन नावाचे द्रव्य असते. सशाला तो पाला जास्त प्रमाणात मिळाल्यास अंगावरचे केस गळू लागतात. म्हणून घरच्या सशाला तो न घातलेलाच बरा.

गवत कोणतेही असो, ते कोरडे, सुवासिक आणि बुरशीविरहित असले पाहिजे. पावसाळ्यात गवताच्या पेंढ्या जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवाव्यात. हाताला ओलसर लागणारे, काळे ठिपके पडलेले किंवा कुबट वास येणारे गवत टाकून द्यावे. पिंजऱ्यात गवत खाली पसरले की ते लघवीने भिजते आणि ससा त्याला तोंड लावीत नाही. तारेची किंवा बांबूच्या कामट्यांची छोटीशी गव्हाण करून ती भिंतीला टांगली तर गवत स्वच्छ राहते व वायाही जात नाही.

हिरवा पाला

गवताच्या जोडीला रोज थोडा ताजा पाला द्यावा. सशाच्या वजनाच्या दर किलोस एक ओंजळ हे प्रमाण पुरेसे आहे. कोथिंबीर, मुळ्याचा पाला, गाजराचा पाला, फ्लॉवरची बाहेरची पाने, पुदिना, तुळस ही भाजीबाजारात मिळणारी किंवा अंगणात वाढणारी पाने सशाला आवडतात. भाजीवाला मुळ्याचा व फ्लॉवरचा जो पाला टाकून देतो, तो स्वच्छ व ताजा असेल तर सशासाठी उपयोगी पडतो. त्यामुळे ससा पाळण्याचा खर्चही आटोक्यात राहतो.

एकाच पाल्याची रोज रास घालू नये. दोन-तीन प्रकारचा पाला आलटून पालटून द्यावा. पालक गुणकारी असला तरी त्यात ऑक्झॅलेटचे प्रमाण जास्त असते, म्हणून तो आठवड्यातून एक-दोनदाच द्यावा. कोबीने काही सशांना वायू धरतो. तो अगदी थोडा देऊन पाहावा आणि लेंड्या पातळ झाल्यास बंद करावा. पाला धुऊन, निथळून द्यावा. भाज्यांवर कीटकनाशके फवारलेली असतात आणि सशासारख्या लहान प्राण्याला त्यांचा अंशही बाधतो. वाहनांच्या रहदारीच्या रस्त्याकडेचे किंवा तणनाशक मारलेल्या बांधावरचे गवत कापून आणू नये.

पाला बदलताना घाई करू नये. कोणताही नवा पदार्थ आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवीत न्यावा, म्हणजे अंधनालातील जंतूंना नव्या अन्नाशी जमवून घेण्यास अवसर मिळतो.

गाजराचे कौतुक आणि कांडी खाद्याचा मोह

ससा आणि गाजर यांची जोडी मुलांच्या चित्रपुस्तकांनी व व्यंगपटांनी इतकी पक्की केली आहे की, गाजर हेच सशाचे मुख्य अन्न असा समज सर्वत्र रूढ झाला आहे. रानातला ससा पाने व गवत खातो. कंदमुळे हा त्याचा नित्याचा आहार नव्हे. गाजरात साखर बरीच असते. त्याचा पाला सशाला चांगला, पण खुद्द गाजराची एखादी पातळ चकती, तीही रोज नव्हे, एवढेच पुरे. सफरचंद, पेरू, पपई, केळे ही फळे सशाला फार प्रिय असतात. आठवड्यातून एक-दोनदा चमचाभर फोडी दिल्यास हरकत नाही. सफरचंदाच्या बिया मात्र काढून टाकाव्यात.

दुकानातील कांडी खाद्याविषयीही नीट विचार करावयास हवा. १९७७ साली अमेरिकेतील राष्ट्रीय संशोधन परिषदेने सशाच्या पोषणाचे जे कोष्टक प्रसिद्ध केले, त्यात वाढत्या सशासाठी १६ टक्के प्रथिने व १० ते १२ टक्के चोथा, तर केवळ देहपोषणासाठी १२ टक्के प्रथिने व १४ टक्के चोथा अशी शिफारस होती. हे आकडे प्रामुख्याने मांस व लोकर यांसाठी ससेपालन करणाऱ्यांच्या उपयोगाचे होते. आपल्या देशातही राजस्थानातील अविकानगर येथे १९६२ साली स्थापन झालेली केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था, तिचे हिमाचल प्रदेशातील गडसा येथील केंद्र आणि तामिळनाडूतील मन्नवनूर येथील केंद्र यांनी अंगोरा, न्यूझीलंड व्हाइट, सोव्हिएत चिंचिला इत्यादी जातींच्या सशांवर काम केले आहे. व्यवसायासाठी पाळलेल्या सशाचे वजन थोड्या दिवसांत वाढावे, अशी पालकाची अपेक्षा असते. घरच्या सशाकडून तसली अपेक्षा नसते. त्याने आठ-दहा वर्षे निरोगी जगावे, एवढेच हवे असते. म्हणून आज घरगुती सशासाठी १८ टक्के किंवा त्याहून अधिक चोथा असलेले कांडी खाद्य योग्य मानले जाते. प्रौढ सशाला ते वजनाच्या दर किलोस रोज २५ ग्रॅमपेक्षा अधिक देऊ नये. गवत व पाला उत्तम मिळत असेल, तर त्याहूनही कमी चालेल.

कांडीऐवजी रंगीत दाणे, मका, सूर्यफुलाचे बी व सुका मेवा यांचे जे मिश्रण विकले जाते, ते टाळावे. ससा त्यातील गोड व तेलकट दाणे वेचून खातो आणि उपयोगाचे तेवढे टाकून देतो. घरी भरडा तयार करणाऱ्यांनी भुईमुगाच्या पेंडीविषयी विशेष सावध असावे. पेंडीला दमटपणा लागला की तिच्यावर बुरशी धरते आणि त्यातून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते. यकृतावर आघात करणाऱ्या या विषापुढे ससा फारच दुबळा ठरतो. खाद्य थोडे आणावे, कोरड्या डब्यात ठेवावे आणि महिन्याभरात संपवावे.

जे मुळीच देऊ नये

काही पदार्थ सशाला कधीही देऊ नयेत. कांदा, लसूण, बटाट्याचे कोंब व हिरवी साल, बटाट्याचा व टोमॅटोचा पाला, चॉकलेट आणि ॲव्होकॅडो हे घरात सापडणारे पदार्थ सशाला विषारी ठरतात. पाव, बिस्किट, पोळी, भात, फरसाण, शेंगदाणे व मिठाई हे पदार्थ विषारी नसले तरी त्याच्या पोटाला झेपत नाहीत. दूध सोडलेल्या सशाला गाईचे किंवा म्हशीचे दूधही देऊ नये.

अंगणात मोकळा सोडलेला ससा कण्हेर, धोत्रा, रुई व घाणेरी यांच्याजवळ जाणार नाही, याची काळजी घ्यावी. ज्वारीचे कोवळे पोंगे खाऊन जनावरांना किराळ लागते, हे शेतकऱ्यांना ठाऊकच आहे. तेच विष सशालाही बाधू शकते, म्हणून कोवळी ज्वारी सशापुढे टाकू नये. गाजरगवताच्या नावाने तर हमखास फसगत होते. १९५० नंतरच्या दशकात पुण्याच्या परिसरात प्रथम नोंदले गेलेले आणि नंतर देशभर पसरलेले हे तण गाजराच्या पाल्यासारखे दिसते. नाव व रूप यांवरून ते सशाचे अन्न समजून मुले उपटून आणतात. ते जनावरांना विषारी असून माणसांच्या त्वचेलाही त्रासदायक आहे.

पाणी आणि उन्हाळा

पाल्यातून पाणी मिळते, तेव्हा सशाला वेगळे पाणी नको, हाही एक रूढ गैरसमज आहे. दोन किलो वजनाच्या सशाला दिवसाकाठी पाव लिटरच्या आसपास पाणी लागू शकते आणि वाळलेले गवत खाणाऱ्याला ते अधिकच लागते. पाणी कमी पडले की ससा खाणेही कमी करतो आणि पोटातील चारा घट्ट होऊन बसतो. जड मातीच्या वाडग्यात पाणी ठेवावे. वाडगे उलटत नाही आणि पाणी गार राहते. ते रोज सकाळ-संध्याकाळ बदलावे.

सशाला घाम येत नाही. त्याच्या अंगातील उष्णता मुख्यत्वे लांब कानांवाटे बाहेर जाते. तापमान ३० अंशांच्या वर गेले की तो हैराण होतो. विदर्भ-मराठवाड्यातील वैशाखात, पत्र्याच्या छपराखाली ठेवलेला ससा एका दुपारीतच दगावू शकतो. पिंजरा सावलीत व वाऱ्याच्या बाजूस ठेवावा, भोवती ओले गोणपाट टांगावे. उन्हाळ्यात मुख्य चारा पहाटे व दिवस मावळल्यावर घालावा, कारण ससा स्वभावतःच त्या वेळी चरणारा प्राणी आहे. धुतलेला पाला ओलसर असतानाच दिल्यास त्याला तेवढाच गारवा मिळतो.

वयपरत्वे आहार

सशाची मादी सुमारे ३१ दिवसांनी विते आणि पिल्लांना बहुधा दिवसातून एकदाच, तेही तीन-चार मिनिटे पाजते. तिचे दूध अतिशय कसदार असल्यामुळे तेवढे पुरते. ती पिल्लांजवळ बसत नाही म्हणून ती निर्दय आहे असे मानू नये. तीन आठवड्यांची झाली की पिल्ले गवत चघळू लागतात आणि सहा ते आठ आठवड्यांत आईपासून वेगळी होतात. याच काळात पिल्लांचे पोट सर्वांत हळवे असते आणि बाजारात विकण्यास येणारी पिल्ले पुष्कळदा याच वयाची किंवा त्याहून कोवळी असतात. ससा घरी आणताना तो दोन महिन्यांच्या आतील नसावा. विक्रेता त्याला काय घालीत होता ते विचारून आठवडाभर तेच खाद्य चालू ठेवावे व मग हळूहळू बदल करावा.

सहा महिन्यांपर्यंत गवताबरोबर लसूणघास व कांडी खाद्य थोडे मोकळ्या हाताने द्यावे. त्यानंतर लसूणघास कमी करीत बंद करावा. पाच-सहा वर्षांनंतर ससा सुस्तावतो, तेव्हा दर आठवड्याला त्याचे वजन करावे. लठ्ठ सशाला पाठ वळवून मऊ लेंड्या उचलता येत नाहीत. त्या शेपटीभोवती चिकटतात, आणि पावसाळ्यात अशा ठिकाणी माश्या बसून अळ्या पडतात. वजन उतरविण्यासाठी गवत कमी न करता कांडी व फळे बंद करावीत. सशाला उपास हा उपाय लागू पडत नाही. तो उपाशी राहिला की त्याच्या यकृतात चरबी साठते.

धोक्याच्या खुणा

ससा हा शिकार होणारा प्राणी असल्यामुळे दुखणे लपविणे त्याच्या अंगी मुरलेले आहे. तो कुत्र्यासारखा विव्हळत नाही. त्याच्या पोटाची बातमी लेंड्यांवरून कळते. निरोगी सशाच्या लेंड्या गोल, कोरड्या, सारख्या आकाराच्या असतात व त्यांत चोथा दिसतो. लेंड्या लहान होऊ लागल्या, केसांनी एकमेकींना जोडल्या गेल्या किंवा अजिबात थांबल्या, तर आतडे मंदावले असे समजावे. लघवी कधी कधी तांबूस दिसते. ते बहुधा पाल्यातील रंगद्रव्यामुळे असते. ती लाली कायम राहिल्यास किंवा ससा लघवी करताना कुंथत असल्यास मात्र तपासणी करून घ्यावी.

बारा तास सशाने काहीही खाल्ले नाही, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. पोट फुगणे, दात करकरा वाजविणे, पाठीची कमान करून कोपऱ्यात बसणे यांपैकी काहीही आढळल्यास त्याला तत्काळ पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. घरात उरलेल्या गोळ्या देण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. माणसांना व इतर जनावरांना उपयोगी पडणारी पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन यांसारखी प्रतिजैविके सशाच्या पोटात गेल्यास अंधनालातील उपकारक जंतू नष्ट होतात आणि ससा आजाराऐवजी औषधानेच मरतो.

एक दिवसाचा हिशेब

दोन किलो वजनाच्या प्रौढ सशाचा रोजचा हिशेब सांगावयाचा तर तो असा : गव्हाण भरून वाळलेले गवत, जे कधीही संपू द्यावयाचे नाही. दोन ओंजळी धुतलेला मिश्र पाला, एक पहाटे व एक सायंकाळी. कांडी खाद्य फार तर ५० ग्रॅम. एक वाडगे स्वच्छ पाणी. फळाची फोड आठवड्यातून एखाद-दोन वेळा. यात महाग असे काही नाही आणि दुर्मीळही काही नाही. लागते ती नियमितता, आणि सशाच्या डोळ्यांत पाहून हात बिस्किटाच्या डब्याकडे जाऊ न देण्याचा निग्रह.

घरात ससा येतो तो बहुधा मुलांसाठी. त्याची गव्हाण भरण्याचे, पाणी बदलण्याचे व लेंड्या पाहण्याचे काम मुलांवर सोपवावे, परंतु जबाबदारी मोठ्यांनीच घ्यावी. आपल्याला जे आवडते ते दुसऱ्याच्या हिताचे असतेच असे नाही, हा धडा मूल पुस्तकातून शिकणार नाही. तो त्याला ही गव्हाण शिकवील. ससा नाजूक असतो, असे सांगून मेलेला ससा परसात पुरण्यापेक्षा, तो गवत खाणारा प्राणी आहे एवढी एकच गोष्ट मुलाला पहिल्या दिवशी सांगितली, तर तेच मूल मोठे होऊन शिक्षणासाठी परगावी निघेल त्या दिवशी त्याला निरोप देण्यास ससाही घरात असेल.